नाव मोठं, वॅट खोटं!

परभणीत संध्याकाळी सातच्या सुमारास रस्त्याच्या कडेला चहा घेत उभं राहा. काही गाड्या दिसायच्या आधी ऐकू येतात. आधी टपरीवरच्या ग्लासांना कंप सुटतो, मग छातीत धडधडतं आणि शेवटी वळणावरून एखादी दहा वर्षं जुनी हॅचबॅक अवतरते. काचा काळ्या, नंबरप्लेट थरथरतेय आणि मागच्या काचेवर ऑडिओ कंपनीचं स्टिकर. काही स्टिकर तर इतकी जुनी की गाडी तिसऱ्या मालकाकडे गेली तरी ‘सोनी एक्सप्लोड’ काही सुटलेलं नाही!

पुण्या-मुंबईतल्या मित्रमैत्रिणींनो, हसू नका. हिंजवडीच्या सिग्नलला हीच धडधड आपण रोज ऐकतो. फरक फक्त गाडीच्या ईएमआयचा. पहिली नोकरी, पहिली गाडी आणि पहिल्या बोनसमधून पहिला सबवूफर, हा आपल्या पिढीचा ठरलेला क्रम आहे. आणि तो घेताना आपण सगळे एकच प्रश्न विचारतो, ‘भाऊ, किती वॅटचा आहे?’

नेमका तोच प्रश्न चुकीचा. का, ते सांगते.

झालं असं की माझ्या मामेभावाने परभणीत सेकंडहँड वॅगन-आर घेतली. शौकासाठी नाही, धंद्यासाठी. लग्नाची भाडी, रेल्वे स्टेशनवरून सोडणं-आणणं, गंगाखेडला जनाबाईच्या दर्शनाला आणि पाथरीला साईबाबांच्या मंदिरात जाणारी कुटुंबं. कर्ज काढून घेतलेली गाडी आहे. एक दिवस उभी राहिली की हप्ता चुकतो. आणि या पठ्ठ्याने पंचवीस हजार साठवले होते ते बेससाठी!

‘ताई, दुकानवाला तीन हजार वॅटचा द्यायलाय. बारा इंची सब, डबा, अँप, सगळं धरून पंचवीस. घेऊ का?’ फोनवर त्याचा आवाज असा, जणू मुलगी पसंत पडलीय.

मामांचं मत वेगळं होतं. ‘भाड्याची गाडी हाय का बँडबाजा?’ एवढं बोलून त्यांनी विषय संपवला. मी सुट्टीला निघालेच होते. म्हटलं, थांब. पैसे देऊ नकोस, मी येते. मास कॉमला शिकवलेली एक गोष्ट अजून उपयोगी पडते: मोठा आकडा ऐकला की आधी विचारायचं, मोजला कुणी?

डबा हाच खरा हीरो

सबवूफर म्हणजे कागदाचा किंवा प्लॅस्टिकचा एक मोठा कोन. तो पुढे-मागे हलतो आणि हवा ढकलतो. तो पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. हे दोन्ही आवाज एकमेकांना भेटले की एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून नुसता सब हातात धरून वाजवला तर त्यातून बेस येतच नाही, नुसती फडफड येते. विश्वास बसत नसेल तर दुकानात करून बघा.

डब्याचं पहिलं काम हे, मागचा आवाज कोंडून ठेवणं. दुसरं काम जास्त गमतीचं आहे. बंद डब्यातली हवा स्प्रिंगसारखी वागते. डबा लहान तर स्प्रिंग ताठ, डबा मोठा तर स्प्रिंग सैल. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी नेमकी हीच हवेची स्प्रिंग वापरून बंद डब्याचा छोटा स्पीकर बाजारात आणला आणि घरातलं कपाटाएवढं धूड आटोक्यात आलं. आपल्याकडे हे वेगळं सांगायला नको. डग्ग्याचं नुसतं कातडं वाजत नाही, खालचं भांडंही वाजतं. तबला आणि डग्गा यांची भांडी एकाच मापाची करून बघा म्हणावं!

डब्याचे मुख्य प्रकार दोन. एक सीलबंद. दुसरा भोकाचा, म्हणजे पोर्टेड. रिकाम्या सोडा बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ‘भूं’ असा एक ठराविक सूर निघतो ना, पोर्टेड डबा तेच करतो. त्याचा सूर साधारण ३० ते ४० हर्ट्झच्या दरम्यान लावलेला असतो आणि त्या पट्ट्यात तो तेवढ्याच पॉवरमध्ये सीलबंद डब्यापेक्षा जास्त आवाज देतो. मग सगळेच पोर्टेड का घेत नाहीत? कारण एक, तो मोठा असतो. बारा इंची सबला सीलबंद डबा बहुधा २५ ते ३५ लिटरचा सुचवलेला असतो, पोर्टेड ५० लिटरच्या पुढे जातो. कारण दोन, त्या सुराच्या खाली गेलात की कोनला हवेचा आधार उरत नाही, तो मोकाट हलतो आणि फाटतो. त्यासाठी अँपमध्ये सबसॉनिक फिल्टर लागतो आणि तो लावायचा असतो हे माहीत असावं लागतं.

भावाच्या डिक्कीत पाहुण्यांच्या बॅगा जायच्या असतात. नवरीची सूटकेस छपरावर बांधली तर पुढचं भाडं विसरा. निर्णय झाला: सीलबंद.

कागदावरचे तीन आकडे

दुकानात गेलो. काचेच्या कपाटात लाल-निळ्या लाइटमध्ये तो सब ठेवलेला. मी म्हटलं, ‘याच्या खोक्यातला कागद द्या.’ दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी हॉटेलात जाऊन गॅस सिलिंडरचं बिल मागितलं.

पण कागद निघाला. चांगल्या सबसोबत तो असतोच आणि नसेल तर तो सब घेऊच नका. त्यावर बारीक अक्षरात दहा-बारा आकडे असतात. त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर्स म्हणतात. ऑस्ट्रेलियातले नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे सत्तरच्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकर आणि डबा यांचं गणित मांडलं. त्याआधी डबे बऱ्याच प्रमाणात अंदाजपंचे बनायचे. आपल्याकडे अजूनही बनतात, तो भाग वेगळा.

आपल्याला तीनच आकडे पुरतात. एफएस म्हणजे सबचा स्वतःचा, मोकळ्या हवेतला सूर. क्यूटीएस म्हणजे त्याचा कोन किती लवकर थांबतो ते. आणि व्हीएएस म्हणजे सबच्या लवचिकतेएवढी स्प्रिंग किती लिटर हवेत असते ते. आमच्या कागदावर होतं: ३० हर्ट्झ, ०.५ आणि ६० लिटर.

आता फंडा सोपा आहे. व्हीएएसला डब्याच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि क्यूटीएसने गुणा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्धा मिनिट. उत्तर ०.७ च्या आसपास आलं तर बेस सपाट आणि खोल. ०.८-०.९ म्हणजे जरा गुबगुबीत, गाडीत छान वाटतो. १ च्या पुढे गेलं की फुगीर, एकसुरी. प्रत्येक गाणं एकाच ढोलावर वाजवल्यासारखं.

आमच्या सबला ६० लिटरचा डबा दिला तर उत्तर येतं ०.७१ आणि डब्यासकट सूर ४२ हर्ट्झ. बेस गिटारची सगळ्यात जाड तार ४१ हर्ट्झला वाजते. म्हणजे तिच्यापर्यंत सगळं व्यवस्थित ऐकू येणार. सही! पण ६० लिटर म्हणजे डिक्की गेली.

दुकानातला तयार डबा होता ३८ बाय ३६ बाय २५ सेंटिमीटर. ‘चौतीस लिटर,’ दुकानदार म्हणाला. आकडा बरोबर होता, फक्त तो बाहेरून मोजलेला होता! हवा बाहेर नसते, आत असते. फळी १८ मिलिमीटरची. प्रत्येक बाजूने दोन-दोन फळ्या वजा केल्या की आत उरतात २३.९ लिटर. त्यात सबचं लोहचुंबक आणि सांगाडा सुमारे ३ लिटर जागा खातात. शिल्लक २१. म्हणजे चौतीसातले तेरा लिटर लाकडाने आणि लोखंडाने गिळले.

२१ लिटरचं उत्तर? ०.९८ आणि ५९ हर्ट्झ. बेस फुगीर होणार आणि खोल सूर कमी पडणार. ३० हर्ट्झला ६० लिटरच्या डब्याच्या तुलनेत हा डबा जवळपास ४ डेसिबल मागे. तेवढं भरून काढायला सुमारे अडीचपट पॉवर हवी. मोठ्या स्पीकर कंपन्यांत जोसेफ अँटन हॉफमन यांच्या नावाने एक ‘आयर्न लॉ’ सांगतात: लहान डबा, खोल बेस आणि कमी पॉवर, या तीनपैकी दोनच मिळतील. तिसरं मागाल तर फिजिक्स नाही म्हणतं. थोडक्यात, स्वस्त आणि मस्त मिळेल, पण इटुकलंही हवं असेल तर पैसे मोजा.

एक दिलासा मात्र आहे. गाडीची केबिन लहान आणि बंद असते, त्यामुळे साधारण ६०-७० हर्ट्झच्या खालचा बेस ती स्वतःच वाढवून देते. म्हणून घराच्या हॉलला कमी वाटणारा डबा गाडीत पुरतो. आम्हाला ६० लिटर नको होते, पण २१ सुद्धा नको होते.

ज्वारीचं माप

डबा सुताराकडून करून घ्यायचं ठरलं. अठरा मिलिमीटरचा एमडीएफ, बाहेरून ४५ बाय ३६ बाय ३३. सुतारकाकांनी विचारलं, ‘चपलांचं कपाट करायचंय का?’ मी म्हटलं, हो, पण हवा निसटता कामा नये. सगळ्या सांध्यांना फेविकॉल, आतून सिलिकॉन आणि कोपऱ्यांत पट्ट्या. बंद डब्यात सुईएवढं भोक राहिलं तरी ते शिट्टी मारतं.

गणिताने आतली जागा येत होती ३९.४ लिटर. मामांचा माझ्या कॅल्क्युलेटरवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांनी पोतं आणलं. ‘परभणी मोती’ ज्वारी, इथल्याच कृषी विद्यापीठाचं वाण. एक लिटरचं माप घेऊन ते सबच्या भोकातून ज्वारी ओतत बसले. एकोणचाळीस मापं गेली आणि चाळिसावं निम्म्यात थांबलं. मामांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. बारावीच्या रिझल्टलाही त्यांनी मला इतकं कौतुक दिलं नव्हतं!

थट्टा सोडा, ही युक्ती खरंच कामाची आहे. सीटच्या मागे बसणारा तिरका डबा असेल किंवा स्टेपनीच्या खड्ड्यात फायबरचा बनवलेला असेल तर सूत्राने मोजणं डोक्याला शॉट होतं. तेव्हा सब बसवण्याआधी धान्य भरा, मोजा, पुन्हा पोत्यात टाका.

सबची जागा वजा जाता आमच्याकडे ३६ लिटर उरले. उत्तर ०.८२ आणि ४९ हर्ट्झ. ना फुगीर, ना पोकळ. थोडं अजून हवं असेल तर डब्यात गादीवाल्याकडचा पॉलिस्टर फायबर सैलसर भरा. हवेला डबा आहे त्यापेक्षा थोडा मोठा भासतो. मानवत-सेलूच्या पट्ट्यात कापसाला तोटा नाही, पण कापूस ओल धरतो. इथे सिंथेटिकच बरा.

वॅटचं गौडबंगाल

आता त्या तीन हजार वॅटकडे येऊ.

खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले असतात ते पीक वॅट किंवा ‘मॅक्स’. क्षणभर, कुठेतरी, कसेतरी. तुमच्या कामाचा आकडा असतो आरएमएस, म्हणजे तासन् तास टिकणारी पॉवर. तो बहुधा मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात. अमेरिकेतल्या ‘सीईए-२००६’ या स्टँडर्डप्रमाणे मोजलेला असेल तर उत्तम, कारण त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहम आणि १ टक्क्याच्या आत डिस्टॉर्शन अशा अटी आहेत.

मागेही काही लिहिलेलं नसेल तर फ्यूज बघा. फ्यूज खोटं बोलत नाही. आमच्यासमोरच्या ‘३००० वॅट’च्या अँपवर ३० अँपिअरचा फ्यूज होता. गाडी चालू असताना सुमारे १४ व्होल्ट. चौदा गुणिले तीस, झाले ४२०. एवढीच वीज आत जाऊ शकते! त्यातून जुन्या क्लास एबी अँपमध्ये जेमतेम निम्मी आवाजात बदलते, बाकीची उष्णता होते. म्हणजे दोनशे-सव्वादोनशे वॅट. क्लास डी असेल तर ८० टक्के धरा, तरी ३३०च्या आसपास. खरोखर तीन हजार वॅट काढायचे तर दोनशेच्या वर अँपिअर लागतील. छोट्या हॅचबॅकचा अल्टरनेटर साधारण ५० ते ८० अँपिअरचा असतो आणि त्यातूनच हेडलाइट, एसी आणि वायपर चालायचे असतात. मी हे दुकानदाराला सांगितलं. तो शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, गिऱ्हाईक आकडा बघतं.’ प्रामाणिक माणूस!

डॅशबोर्डमधल्या म्युझिक सिस्टीमवरच्या ‘५० बाय ४’चीही तीच कथा. गाडीच्या १४.४ व्होल्टवर, ४ ओहमच्या स्पीकरला, आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट नसेल तर शुद्ध आवाजात एका चॅनेलला जास्तीत जास्त सुमारे २६ वॅट निघू शकतात. म्हणूनच सबला वेगळा अँप लागतो.

मग किती वॅटचा अँप घ्यायचा? सबच्या आरएमएसएवढा किंवा थोडा कमी-जास्त. आमचा सब २५० वॅट आरएमएस, अँपही २५० वॅट, ४ ओहमला. बास. दोनशेचा असता तरी फरक १ डेसिबल, कानाला जेमतेम कळेल इतका. पॉवर दुप्पट केली तर आवाज वाढतो ३ डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला पॉवर दहापट लागते. पुढच्या वेळी कुणी ‘दुप्पट वॅटचा घे’ म्हणालं तर हे आठवा.

उलट, फार कमी पॉवरचा अँप घेऊन तो पिळत बसणंही वाईट. त्याची ताकद संपली की आवाजाच्या लाटेचे शेंडे कापले जातात. त्याला क्लिपिंग म्हणतात. कापलेल्या लाटेत सरासरी उष्णता जास्त, कोनची हालचाल मात्र तेवढी नाही, त्यामुळे आतली कॉइल तापून जळते. सब जळण्यामागे बहुतेक वेळा कंपनी नसते, गेनचा खटका पूर्ण उजवीकडे फिरवणारा हात असतो. गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे! मल्टिमीटर असेल तर बेस बूस्ट बंद ठेवा, सबची वायर काढा, म्युझिक सिस्टीमचा व्हॉल्यूम पाऊण ठेवून ५० हर्ट्झचा टोन लावा आणि अँपच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजा. वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ. आमचं आलं ३१.६ व्होल्ट. तिथे गेन थांबवला, पुन्हा हात लावला नाही. लो-पास ८० हर्ट्झला. झालं.

ओहमचा घोळ

इथे बरेच जण घसरतात. चार ओहमचे दोन सब समांतर जोडले की अँपला दिसतात २ ओहम. एकापुढे एक जोडले की ८. ‘४+४’ अशी दुहेरी कॉइल असलेल्या एका सबचंही तसंच. ओहम कमी झाले की अँप जास्त पॉवर देतो, पण झेपेल तोवरच. ‘२ ओहम स्टेबल’ लिहिलेल्या अँपला १ ओहम जोडलात की तो बंद पडतो किंवा कायमचा झोपतो. म्हणून सब घेतानाच ठरवा, जोडल्यावर किती ओहम होणार, आणि त्या ओहमला अँपचा आरएमएस किती. बाकीचे आकडे विसरलात तरी चालेल.

गालिच्याखाली काय होतं?

आता जे सांगणार आहे, ते वाचून कृपया आपापल्या गाडीचा गालिचा उचला.

वायरिंगसाठी गाडी एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या उस्तादांनी पुढचा गालिचा उचलला आणि ते गप्पच झाले. आधीच्या मालकाने कधीतरी अँप लावला होता, काढला होता, पण बॅटरीपासून आलेली वायर तशीच सोडली होती. तिला फ्यूज नव्हता. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून ती जिथे आत येत होती, तिथे रबरी ग्रोमेटही नव्हता. पत्र्याच्या धारेने वायरचं कातडं घासून तांबं दिसत होतं. ‘ये गाने का वायर नहीं, माचिस है,’ उस्ताद म्हणाले.

मामेभाऊ त्या गाडीतून दोन महिने भाडी मारत होता. मागे पाहुणे, लहान पोरं. ती वायर पत्र्याला पूर्ण टेकली असती तर बॅटरीतून शेकडो अँपिअर निघाले असते आणि थांबवायला मध्ये काहीच नव्हतं. तीन हजार वॅटच्या गप्पा मारणारा आमचा हीरो ती वायर हातात घेऊन बराच वेळ पायरीवर बसून होता.

म्हणून हे पाठ करा. फ्यूज बॅटरीच्या दीड फुटाच्या आत. अँपवर असलेला फ्यूज अँपला वाचवतो, गाडीला वाचवतो तो बॅटरीजवळचा. आमच्या २५० वॅटच्या क्लास डीला बावीस-तेवीस अँपिअर लागतात. त्याला ८ गेजची खऱ्या तांब्याची वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज पुरला. ‘खऱ्या तांब्याची’ यासाठी म्हटलं, की बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर त्याच जाडीत सर्रास मिळते. कापून बघा, आत चांदीसारखी पांढरी दिसली तर ती नव्हे. आणि अर्थिंग रंगावर नाही, रंग खरवडून उघड्या पत्र्यावर.

ऊन, ऊस आणि कान

परभणीच्या मे महिन्याबद्दल मी काय सांगावं! पारा ४४-४५ला सहज जातो आणि उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. अँप अशा वेळी आधीच तापलेला असतो. त्याला गालिच्यात गुंडाळू नका, डब्यावर पालथा ठोकू नका, चारही बाजूंनी हवा राहू द्या. सबच्या कॉइलचंही तसंच. तांबं १०० अंशांनी तापलं की त्याचा रोध सुमारे ४० टक्के वाढतो, म्हणजे तेवढी पॉवर घेतलीच जात नाही. दुपारी बेस ‘कमी’ वाटतो तो यामुळेही. तेव्हा व्हॉल्यूम वाढवू नका, आधी काचा खाली करा.

आमच्याकडे एक म्हण मिरवतात, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’. ब्लाउपुंक्ट या जर्मन ब्रँडने १९३२ साली युरोपातला पहिला कार रेडिओ विकायला काढला. आता आमची परभणी ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर अख्खा ऑर्केस्ट्रा बसवते! साखर कारखान्यांच्या सीझनमध्ये रात्री दोन भरलेल्या ट्रॉल्या आणि समोर फुल व्हॉल्यूमची टेप. रात्रभर जागं राहायचं म्हणून ड्रायव्हर लावतात, ते मी समजू शकते. पण मागून हॉर्न देणारी गाडी त्यांना ऐकूच जात नाही. कारमध्येही हेच होतं. ॲम्ब्युलन्सचा सायरन ऐकू येत नसेल तर तो बेस नाही, बहिरेपण आहे.

कानाचं गणित वॅटसारखंच उलटं चालतं. ८५ डेसिबल आठ तास चालतात, असं अमेरिकेतली कामगार-आरोग्य संस्था नायॉश सांगते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ८८ला चार तास, ९४ला एक, १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. परभणी ते गंगाखेडही होत नाही तेवढ्यात! आणि गाडीबाहेरच्यांचा विचार करायचा तर आपल्या देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री दहा ते सहा ४५. बेस काचेतून आणि भिंतीतून सगळ्यात जास्त आरपार जातो, म्हणून शेजारच्या आजी जाग्या होतात त्या तुमच्या गाण्याने नाही, तुमच्या ठोक्यांनी.

सगळं धरून आमचं काम सतरा हजारांत झालं. उरलेल्या आठपैकी भावाने गाडीसाठी छोटं अग्निशामक घेतलं आणि बाकीचे बँकेत हप्त्याच्या खात्यात टाकले. पहिली टेस्ट मामांना पुढे बसवून. दोन गाणी झाल्यावर म्हणाले, ‘पखवाज नीट ऐकू येतो की.’ पुढे काही बोलले नाहीत, पण उतरलेही नाहीत.

जाता जाता: खिशात ठेवा

• ‘किती वॅट?’ नाही, ‘आरएमएस किती, किती ओहमला?’ असं विचारा.

• डबा आतून मोजा. फळी आणि सबची जागा वजा करा.

• फॉर्म्युला: व्हीएएस भागिले लिटर, अधिक १, वर्गमूळ, गुणिले क्यूटीएस. ०.७ ते ०.९ मस्त, १च्या पुढे नको.

• अँपचा आकडा पटत नसेल तर फ्यूज गुणिले १४. एबी असेल तर निम्मे, डी असेल तर ८० टक्के.

• सामान भरपूर, डिक्की छोटी? सीलबंद डबा. डिक्कीत सीएनजीची टाकी? सीटखाली बसणारा आठ-दहा इंची, आत अँप असलेला सब घ्या. टाकीच्या आसपास ड्रिल चालवू नका.

• सेकंडहँड गाडी घेतलीत? गाणी नंतर. आधी गालिचा उचला.

बेस हवाच, बॉस. पण बेसिक आधी!